दोरापाशी ठेवलेला नारळ

आमच्या गावच्या नाटकात काम करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी नारळ मिळतो. माझ्या बाबांनाही मिळतो. फरक एवढाच, की बाकीच्यांना तो स्टेजवर बोलावून, माईकवर नाव घेऊन, हातात देतात आणि बाबांचा नारळ कोणीतरी आडोशाला आणून दोरापाशी जमिनीवर ठेवून जातो.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, असं का म्हणून. बाबा म्हणाले, "माज्या हातात दोर आसतो ना गो. हात गुंतलेले. मंग खालीच ठेवतील, का डोक्यावर ठेवतील?" आणि स्वतःच हसले. मीही हसले होते. आता त्या हसण्याचा मला राग येतो, त्यांच्याही आणि माझ्याही.

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, वैशाखऱ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत आहे. चैत्रात जत्रा भरते आणि जत्रेला गावचं नाटक होतं. नाट्यमंडळ जुनं. कोणी काय करायचं हे घराघरांवर वाटून दिलेलं. तोंडाला रंग लावून पुढे यायचं ते कुणब्यांच्या जुन्या घरांनी. पहिला नारळ फोडायचा मान जयरामभाऊंच्या घराचा, आणि मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याच घरात. पेटी एका घराची, तबला दुसऱ्याचा. नेपथ्य, म्हणजे स्टेजवर उभ्या करायच्या भिंती, दारं, विहीर, झाड, हे सुताराच्या घराचं. आणि दर्शनी पडद्याचा दोर आमच्या घराचा.

आमच्या म्हणजे बौद्धवाडीतल्या. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली. दवंडी सोडली, मेलेली गुरं ओढणं सोडलं, सणाला दारोदार भाकरी मागणं सोडलं. पडदा तेवढा राहिला. का राहिला, ते कोणीच सांगत नाही. माझी आई, गोजाबाई, एवढंच म्हणते, "ह्या बापलेकांना हौस ना नाटकाची. तोंडाला रंग कोन लावू देनार? मंग बसले दोराला लोंबकळत."

आई आयुष्यात कधी गावचं नाटक बघायला गेली नाही. आणि बाबांनी घरी आणलेला तो नारळ तिने कधी फोडला नाही. "भुईवरनं उचललेला माज्या पाट्याला नको," म्हणायची आणि माळ्यावर टाकून द्यायची. तिथे तो वाळून खडखडत राहायचा. मग कधीतरी आमची मांजर त्याच्याशी खेळायची.

कोणाला वाटेल बाबा म्हणजे बिचारे, खाली मान घालून जगणारे. छे! फुशारकी मारण्यात त्यांचा हात धरणारा मुरबाड तालुक्यात सापडायचा नाही. एस्टीत शेजारी अनोळखी माणूस बसला की घाट यायच्या आत त्याला कळलेलं असायचं की नाटक कोणामुळे होतं. "चालू मीच करतो आनि बंद बी मीच करतो. मदे ती बाकीची काय बडबडतात ती त्यांची हौस." नटांच्या चुका काढायचे, पेटीवाल्याला सूर शिकवायचे. एवढा तोरा असलेला माणूस त्या एका नारळाशी आला की हसून मोकळा व्हायचा. मला तेच सहन होत नव्हतं.

आणि 'हात गुंतलेले' हे निव्वळ ढोंग होतं. आमचा पडदा जाड कापडाचा, खालच्या काठाला बांबू शिवलेला. वर कप्प्यांवरून दोर येतो तो बाजूच्या खांबाशी. पडदा वर गेला की दोर खांबाला बांधून टाकायचा, झालं. मग हात मोकळेच. पण सत्कार सुरू झाला की बाबांनी दोर सोडवून हातात धरून उभं राहायचं, कारण पडदा कधी पाडायचा हे त्यांना आधी सांगायची कोणाला गरज वाटत नसे. भाऊंनी हात हलवला की पाडायचा. म्हणजे हात गुंतवायचे यांनीच, आणि गुंतलेत म्हणायचं तेही यांनीच.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी करते. कॉलेजात असल्यापासून कल्याणच्या एका हौशी संस्थेत बॅकस्टेजला जाते. तिथे मी आधी खुर्च्या उचलल्या, मग फ्लॅट, म्हणजे नाटकातल्या खोट्या भिंती, उभे केले, मग लाइटवर बसले आणि आता रंगमंच व्यवस्थापक असते. म्हणजे घंटा कधी द्यायची, कोणती वस्तू कुठे ठेवायची, कोण कोणत्या विंगेतून येणार, अंधार कधी आणि किती, हे सगळं बघणारी. तिसरी घंटा झाली की प्रयोग माझा. मग निर्मात्यानेसुद्धा मला विचारल्याशिवाय स्टेजवर पाय ठेवायचा नाही, हा तिथला शिरस्ता आहे. तिथे कोणी मला माझं आडनाव विचारून काम दिलं नव्हतं. गावात ते विचारायची गरजच नाही, सगळ्यांना पाठ आहे.

यंदा अनिल सर घरी आले. सर शाळेत शिक्षक, मंडळाचे दिग्दर्शक. नाटकही त्यांनीच लिहिलेलं, बापाच्या जमिनीत वाटा मागायला माहेरी परत आलेल्या मुलीचं. म्हणाले, "दीप्ती, या वेळी नीट लाइट करायचेत. नुसती ट्यूबलाइट लावून नाय चालायचं. तू ये, सगळं तूच सांभाळ."

"येते," मी म्हटलं. "पण एक अट आहे. शेवटच्या सत्काराला दोर मी धरणार. बाबा स्टेजवर जाणार. त्यांचं नाव माईकवर घ्यायचं आणि नारळ हातात द्यायचा."

"अगं, त्यात काय एवढं!"

"काही नाही ना? मग कबूल करा."

सरांनी कबूल केलं. भाऊंना विचारून दोन दिवसांनी परत आले आणि म्हणाले, "भाऊ हो म्हणले. उलट म्हणले, नथूला आधीच बोलवायला पायजे होतं." यंदाचीच वेळ होती, हे सर जाणून होते. पुढच्या जत्रेला मंडपवाला बटणावर चालणारा मोटरचा पडदा आणणार होता. मग दोरही नाही आणि दोरावरचा माणूसही नाही. बाबा स्टेजवर जाणार असतील तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

तालमी शाळेच्या व्हरांड्यात व्हायच्या. बाबा रोज हजर, आणि रोज माझ्याशी भांडण. मी विंग म्हटलं की ते म्हणायचे गाळा. मी स्पॉट म्हटलं की ते म्हणायचे गोल. मी सगळ्यांना समजावून सांगत होते, की स्टेजचं उजवं-डावं नटाच्या हाताप्रमाणे धरायचं, बघणाऱ्याच्या नाही. रेश्मा, जी मुलीचं काम करत होती, ती बिचारी दोनदा भिंतीवर आदळली. बाबा मागून ओरडले, "आमी डोंगराकडं आनि नदीकडं म्हनतो. कोनी आदळत नाय." सगळे हसले, मलाही हसू आलं. शेवटी तालमीत 'डोंगराकडून एंट्री' असंच ठरलं.

घरी मात्र वेगळीच तालीम चालायची. बाबा अंगणात तुळशीच्या जुन्या, आता रिकाम्या कट्ट्यापासून चालत येऊन मधोमध थांबायचे आणि नमस्कार करायचे. "हात छातीशी जोडू का कपाळाशी?" मला विचारायचे. "नारळ घेताना आधी वाकायचं का नंतर?" त्यांनी पांढरा शर्ट शिवून घेतला, मिशीला कलप लावला. आई चुलीपाशी बसून बघायची आणि म्हणायची, "नवरदेव झाला म्हातारा." पण शर्टाला इस्त्री तिनेच केली, तांब्यात निखारे घालून, कारण त्या दिवशी लाइट नव्हती.

दहाला भोंगे बंद करावे लागतात म्हणून हल्ली आमचं नाटक दिवे लागायच्या सुमारास सुरू होतं. जत्रेच्या संध्याकाळी मी सगळं दोनदा तपासलं. माजघराच्या भिंतीचे फ्लॅट मागून टेकू लावून पक्के केले. खाट, कंदील, तांब्या जागेवर. वरच्या झालरीत दिव्यांच्या वायरी लपवल्या. प्रणय, भाऊंचा पुतण्या, उजेड कमीजास्त करायच्या डिमरवर बसला होता. त्याला बजावलं, "मी सांगेन तेव्हाच हात लावायचा. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही." तो म्हणाला, "हो ताई."

पहिली घंटा दिली, दुसरी दिली. भाऊ रंगपटात आले, अजून पाहुणे यायचेत म्हणाले. पाहुणे म्हणजे कुठल्याशा पक्षाचे तालुक्याचे पुढारी, त्यांच्या हस्ते पहिला नारळ फोडायचा होता. "जरा दम धरा." आम्ही धरला. लोक शिट्ट्या मारायला लागले. शेवटी भाऊंनीच नारळ फोडला, मी तिसरी घंटा दिली आणि बाबांनी पडदा वर नेला. एका लयीत, कुठे हिसका नाही, बांबू सरळच्या सरळ. नुसत्या त्या वर जाण्याला लोकांनी टाळ्या दिल्या. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बगितलंस? अजून कोनी तोंड नाय उघडलं, टाळ्या माज्या."

नाटक रंगलं. मी खोटं सांगत नाही, गावात असं नाटक झालं नव्हतं. दुसऱ्या अंकात बाप आजारी पडून खाटेवर असतो. मुलगी त्याला विचारते, बाबा, मी तुमची कोण? मग हळूहळू सगळा उजेड विरत जातो, घर नाहीसं होतं आणि नुसत्या एका गोल उजेडात रेश्मा उरते. मंडपात हूं की चूं नव्हतं. लहान पोरंसुद्धा गप्प. रेश्माने तोंड उघडलं.

आणि बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले.

जयरामभाऊ विंगेतून आत घुसले. "लाइट लाव रे! सगळ्या लाव! पाव्हने आले!" मी ओरडले, "प्रणय, नाही!" पण काकाच्या पुढे ताई कोण? भक्कन सगळं उजळलं. रेश्मा तशीच उभी, डोळ्यांत आणलेलं पाणी गालावर. खाटेवरचा मरणपंथाला लागलेला बाप उठून बसला आणि नमस्कार करायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या घंटेनंतर! चालू प्रवेशात! तो पुढारी चार माणसांना घेऊन चपला घालून माजघरात आला आणि त्याला बसवला कुठे, तर बापाच्या त्याच खाटेवर. मागे आमच्या भिंती, पुढे हा, मधे रेश्माला काय करावं कळेना, म्हणून ती पदर सावरत कोपऱ्यात उभी राहिली, जशी काही खरंच त्या घरातली सून.

मी अनिल सरांकडे धावले. "सर, थांबवा हे."

"अगं, दहा मिनिटं. मी बोलतो भाऊंशी."

बोलले नाहीत. शाल झाली, फेटा झाला, गुच्छ झाला. पाहुणे बोलायला उभे राहिले. पाण्याच्या टाकीवर, रस्त्यावर, आपल्या पक्षावर बोलले आणि शेवटी गावाने नाटकाची परंपरा जपली म्हणून कौतुक केलं. ज्या माणसाने आत्ताच नाटकाचा गळा दाबला तो आम्हाला परंपरा सांगत होता! लोक चुळबुळत होते, पण उठून बोलायची कोणाची हिंमत? गावात कामं असतात सगळ्यांची.

मग भाऊंनी माईक घेतला. "पाव्हन्यांना पुढं शहापूरला कार्यक्रम हाय. म्हनून कलाकारांचा सत्कार आपन आत्ताच त्यांच्या हस्ते उरकून घेऊ. नाटक नंतर पुढं चालू ऱ्हाईल."

बाबा माझ्या शेजारी, विंगेत उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि पटकन शर्टाची कॉलर सरळ केली. मी खांबाचा दोर सोडवला आणि दोन्ही हातांनी धरला. "जा बाबा," म्हटलं, "नाव घेतील आता."

एकेक नाव पुकारलं जात होतं. नट झाले. संगीत झालं. रंगभूषा झाली. "प्रकाशयोजना, प्रणय!" भाऊ म्हणाले. मी बसवलेले सगळे दिवे पुतण्याच्या खात्यात गेले. जाऊ दे म्हटलं, आज माझं काही नाही. नेपथ्य झालं. जेवणाचा खर्च करणारे झाले. ज्याच्या ट्रॅक्टरवर खुर्च्या आल्या तोही झाला. प्रत्येक नावाला बाबांचा एक पाय विंगेच्या बाहेर उजेडात जायचा आणि परत आत यायचा. शेवटी भाऊ म्हणाले, "आनि ज्यांचं ज्यांचं सहकार्य लाभलं त्या सगळ्यांचे मंडळ आभारी हाय."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. लहान मुलासारखे. मी सरांना डोळ्यांनी खुणावलं. सर आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. मी दोर हातात असतानाच मोठ्याने म्हटलं, "सर!" तेव्हा कुठे ते भाऊंच्या कानाशी लागले.

"हां हां," भाऊ म्हणाले. ताटातला नारळ उचलला आणि विंगेकडे आले. पाहुण्यांकडे वळून काहीतरी बोलतच होते. बाबा एक पाऊल पुढे झाले. आधी हात जोडले, मग ओंजळ पुढे केली, अंगणात केली होती तशीच. दोन्ही हात रिकामे. भाऊ त्यांच्यासमोर आले, वाकले, आणि नारळ खांबाच्या बुडाशी, जमिनीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "हात गुंतलेत तुजे." आणि वळून गेले. फोटो काढायला.

माझ्या बापाची ओंजळ तशीच हवेत होती.

त्या माणसाने बघितलंच नव्हतं. त्याला बघायची गरजच नव्हती. नथू म्हणजे दोर, आणि नारळ म्हणजे खाली, हे त्याच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की समोरची रिकामी ओंजळसुद्धा त्याला दिसली नाही. अपमान करायचा ठरवून केला असता तर मी भांडले असते. पण त्याने ठरवलंसुद्धा नव्हतं. मी दोर सोडून पुढे जाणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "गप."

मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांनी माझ्या हातातून दोर घेतला. पुढे सगळे पाहुण्यांभोवती फोटोसाठी रांग लावून उभे होते, फोटोवाला खाली मंडपात कॅमेरा रोखून. बाबांनी दोर सैल सोडला.

सरसर पडदा आला. धाड करून बांबू स्टेजवर आपटला, पाहुण्यांच्या नाकापासून हातभर पुढे. आत भाऊ ओरडले, "ए नथू! अजून नाय! वर घे!" बाबांनी दोर खांबाला गुंडाळला, गाठ मारली, आणि विंगेच्या कडेने बाहेर पडून पडद्याच्या पुढे गेले. पडदा आणि लोक यांच्यामध्ये फळ्यांची एक अरुंद पट्टी असते. आयुष्यभरात त्या पट्टीवर त्यांनी पाय ठेवला नव्हता.

मी धावत जाऊन, नारळ घेऊन परत बसलेल्या प्रणयला डिमरवरून उठवलं. सगळे दिवे घालवले आणि एकच ठेवला. बाबांच्या भाषेत गोल. आणि तो त्यांच्यावर टाकला.

त्यांना माईकची गरज नव्हती.

"मी नथू. ह्यो पडदा मी वढतो. माजा बाप बी वढायचा. तुमी सगळे मला वळखता. बारकी पोरं बी मला नथू म्हनतात, काका कोनी म्हनत नाय. ते जाऊ दे." त्यांनी दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले, पुढून दाखवले, उलटे करून दाखवले. "हे बगा माजे हात. मोकळे हायेत का नाय? नीट बगा. दोर माज्या पोरीच्या हातात व्हता. मी हात पुढं केलंवतं. तरी माजा नारळ खाली ठेवला. इतकी वर्सं मी म्हनायचो, हात गुंतलेत. आज नाय गुंतलेले. आता तो नारळ माज्या हातात कोन देतोय, ते बगू. तोवर पडदा वर जायाचा नाय."

मागे कोणीतरी खुसखुसलं. कोणी म्हणालं, "पिऊन आला काय?" नारळ द्यायला इतक्या माणसांत एकही उठेना. बौद्धवाडीतली माणसं एका बाजूला बसली होती, ती उभी राहिली, पण नारळ त्यांनी द्यायचा नव्हता.

मग पुढच्या सतरंजीवरून रंभा आजी करवादली. रेश्माची आजी. "ए जयराम! दे की रं त्याच्या हातात! माजी नात तिकडं आडकून पडलीय. तिचं आर्धं काम ऱ्हायलंय. आमी काय तुज्या पाव्हन्याचा फेटा बगाया आलोय व्हय?"

लोक हसले आणि त्या हसण्याने सगळं सुटलं. "द्या, भाऊ, द्या!" "आटपा, दहाला बंद होईल!" चहूकडून आवाज यायला लागले. मी सांगते, त्यांतल्या निम्म्यांना बाबांच्या ओंजळीचं काही पडलं नव्हतं. त्यांना नाटक पुढे बघायचं होतं. पण ओरडत होते हे खरं.

भाऊ पडद्याच्या कडेने बाहेर आले. चेहरा लाल. एका हातात नारळ, एका हातात माईक. नारळ त्यांनी खांबाच्या बुडाशी स्वतः वाकून उचलला होता, हे मी बघितलं. "घे रे बाबा," ते म्हणाले, "विसरलो. त्यात येवढं काय?"

बाबांनी ओंजळ पुढे केली नाही. "सगळ्यांचं नाव घेतलंत. माजं घ्या."

"नथू," भाऊ माईकवर म्हणाले.

"सगळं नाव. बापासकट."

"नथू..." भाऊ थांबले. माईकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "नथू..."

त्यांना माहीत नव्हतं. एकाच गावात जन्म गेला, घरं हाकेच्या अंतरावर. माझ्या आजोबांनी यांच्या वडिलांच्या काळात पडदा ओढला, धर्म बदलायच्या आधी यांच्या दारातले मेलेले बैलही ओढले, आणि या माणसाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. सगळा मंडप वाट बघत होता.

"सखाराम," बाबा म्हणाले. "तुमच्या वडलांचं नाव मला पाठ हाय. शिवराम. आज्याचं पन सांगू?"

"नथू सखाराम गायकवाड," भाऊ म्हणाले. आवाज बसला होता. "दर्शनी पडदा."

मग बाबांनी ओंजळ पुढे केली. भाऊंनी नारळ दिला. बाबा आधी वाकले नाहीत, नंतरही वाकले नाहीत. लोकांना मात्र नमस्कार केला, नारळासकट, कपाळाशी. आत येऊन नारळ माझ्या हातात दिला आणि खांबाची गाठ सोडवत म्हणाले, "तिसरी दे पुन्ना. आनि त्या खाटंवरच्याला खाली उतरव."

पाहुणे मागच्या शिडीने उतरून गेले होते, शाल खाटेवरच विसरून. मी घंटा दिली. पडदा वर गेला. रेश्मा गोल उजेडात उभी राहिली आणि जिथे तोडलं होतं तिथूनच बोलायला लागली.

सकाळी उठले तर गावभर एकच चाललं होतं, जयरामभाऊ विसरले बिचारे, गडबडीत होतं असं. विसरले! मोकळे हात डोळ्यांसमोर होते आणि हे विसरले. अनिल सरांनी मला फोन करून सांगितलं, "जाऊ दे आता, शेवट गोड झाला ना." मी फोन ठेवला. सरांशी मी अजून बोललेले नाही. बोलायचं की नाही ते ठरवेन.

बाबांनी तो नारळ आईपुढे धरला. आई विळीवर बसली होती. तिने नारळाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"हातात दिला?"

"हातात," बाबा ऐटीत म्हणाले. "माईकवर नाव घेऊन."

"दिला, का मागून घेतलात?"

बाबांनी नारळ आणखी पुढे केला. आईने नारळ घेतला, उंबऱ्याबाहेर गेली आणि कोयत्याच्या उलट्या बाजूने एका घावात फोडला. पाणी तांब्यात धरलं. मग नारळाची एक कवड घेऊन आत आली आणि बाबांपुढे उभी राहिली. ते घ्यायला एकच हात पुढे करत होते.

"एका हातानं नाय," ती म्हणाली. "दोनी हातांनी धरा."